हा माश्या मारण्याचा उद्योग नाही

‘‘पीएचडी कशात म्हणालात? माशीच्या मेंदूत? म्हणजे पाच वर्षं माश्याच मारायच्या!’’ असं कुणी म्हणालं की बैठकीत हशा पिकतो. विषय निवडणारी मुलगी खाली मान घालते, तिचे आईवडील काहीतरी सारवासारव करतात आणि बोलणं नोकरीकडे वळतं. हा हशा मी लग्नघरात ऐकला आहे, महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये ऐकला आहे आणि ज्यांच्या सहीवर संशोधनाचा पैसा अडतो किंवा सुटतो अशा माणसांच्या तोंडूनही ऐकला आहे. लग्नघरातला हशा सोडून देता येतो. सही करणाऱ्याचा हशा सोडून देता येत नाही, कारण त्यातून प्रयोगशाळा बंद पडतात आणि हुशार मुलं विषय बदलतात.

या हशामागचं म्हणणं एकदा सरळ मांडायला हवं. ते असं: कीटक हे चालतंबोलतं यंत्र आहे, त्याला डोकं असलं तरी त्यात विचार करण्याजोगं काही नाही. टाचणीच्या टोकाएवढ्या त्या मेंदूवरून माणसाच्या मेंदूबद्दल काही कळणं शक्य नाही. कळलंच तरी ते श्रीमंत देशांनी करावं, आपल्याकडे रुग्णालयात खाटा नाहीत, शेतकरी कर्जात आहे, तेव्हा जनतेच्या पैशानं माशी कुठला वास घेते हे शोधणं हा गुन्हा आहे. हे बोलणारी माणसं अडाणी नसतात. ती शिकलेली असतात, आत्मविश्वासानं बोलतात आणि या वादातल्या प्रत्येक मुद्द्यावर साफ चुकतात.

पैशापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यांना तोच मुद्दा बिनतोड वाटतो. ऑक्टोबर २००८मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांनी पिट्सबर्गमधल्या भाषणात सरकारी उधळपट्टीचं उदाहरण म्हणून फ्रान्समधल्या फळमाशीच्या संशोधनाचं नाव घेतलं. समोरचे लोक हसले. त्या भाषणाचा मूळ विषय होता अपंग आणि विशेष मुलांसाठीची मदत. आता वस्तुस्थिती पाहा. ज्या माशीवर लोक हसले ती ऑलिव्हच्या फळात अंडी घालून कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांचं पीक नासवणारी माशी होती. आणि तिच्याच नावाची दुसरी, प्रयोगशाळेतली फळमाशी घेतली, तर न्यूरेक्सिन नावाचं एक प्रथिन मज्जापेशींमधले सांधे कसे जुळवतं हे समजून घेण्यात तिचा मोठा वाटा आहे. या प्रथिनाच्या जनुकांतल्या बिघाडांचा ऑटिझमशी संबंध दिसलेला आहे. ज्या मुलांसाठी पेलिन मदत मागत होत्या, त्यांचाच आजार समजून घेण्याच्या वाटेवर ती माशी उभी होती. एका वाक्यात बागायतदार आणि मुलं, दोघांचंही नुकसान करणारा तो विनोद होता.

आपल्याकडच्यांनी हे परक्याचं म्हणून बाजूला ठेवू नये. ऑलिव्हवरच्या माशीची सख्खी बहीण आपल्या आंब्यावर बसते. कोकणातल्या बागेत झाडाला टांगलेला ‘रक्षक’ सापळा ज्यांनी पाहिला असेल त्यांनी त्यात मरून पडलेल्या माश्याही पाहिल्या असतील. त्या सगळ्या नर असतात. मिथाइल युजेनॉल या द्रव्याच्या वासानं नरमाशीला आवरत नाही, ती आपणहून आत जाते. हे ज्ञान आलं कुठून? एफ. एम. हॉवलेट हा कीटकशास्त्रज्ञ बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत बसून, कुठला वास कुठल्या माशीला ओढतो हे तपासत होता. १९१२मध्ये त्यानं सिट्रोनेला तेलाकडे धावणाऱ्या नरमाश्यांबद्दल लिहिलं आणि १९१५मध्ये मिथाइल युजेनॉलपर्यंत पोचला. माशी कुठला वास घेते, हाच त्याचा प्रश्न होता. शंभर वर्षांनंतर त्याचं उत्तर हापूसच्या झाडाला टांगलेलं आहे, आणि त्या झाडाखाली उभं राहून आपण विचारतो की माशीच्या वासाचा अभ्यास कशाला?

विदर्भातल्या कपाशीत हीच कथा दुसऱ्या किड्याची आहे. गुलाबी बोंडअळीचा पतंग शेतात किती आला हे शेतकरी कामगंध सापळ्यावरून ओळखतो. मादी हवेत सोडते तो गंध प्रयोगशाळेत बनवून सापळ्यात ठेवलेला असतो. अशा गंधाचं पहिलं रसायन १९५९मध्ये जर्मनीत आडोल्फ बुटेनांट यांनी वेगळं केलं, तेही रेशमाच्या सुमारे पाच लाख पतंगमाद्यांमधून. पाच लाख माद्या गोळा करणाऱ्या माणसाला त्या वेळी आपल्याकडचा एखादा समितीसदस्य भेटला असता तर त्यानं काय शेरा मारला असता, हे मला लिहून दाखवायची गरज नाही. आज त्याच ज्ञानावर सापळा चालतो. सापळ्यात पतंग दिसले तर फवारणी, नाहीतर नाही, इतका साधा हिशेब त्यानं शक्य केला. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी गेले, ते वर्ष विसरता येत नाही. एक फवारणी टळणं म्हणजे काय हे त्या घरांना विचारावं.

आता दुसरा मुद्दा, मेंदूच्या आकाराचा. फळमाशी म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोंघावणारं लालबुंद डोळ्यांचं चिलट. तिचा मेंदू खसखशीच्या दाण्याएवढा आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये प्रौढ फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या माला मूर्ती आणि सेबास्टियन सुंग यांच्या पुढाकारानं जगभरातल्या अनेक प्रयोगशाळांनी तो केला. त्यात १,३९,२५५ मज्जापेशी आहेत आणि पाच कोटींहून जास्त सांधे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. हा फरक दाखवून लोक म्हणतात, बघा, कुठं राजा भोज आणि कुठं गंगू तेली.

पण याच फरकात या संशोधनाचं सगळं बळ आहे. ८,६०० कोटी पेशींतली कुठली पेशी कुणाला जोडलेली आहे हे आज पृथ्वीवरच्या कुणालाही सांगता येत नाही आणि नजीकच्या काळात येणारही नाही. माशीच्या बाबतीत ते सांगता येतं. आणि माशी काही नुसती बसून नसते. ती उडते, आपला हात येण्याआधी निसटते, झोपते, जागरण झालं तर दुसऱ्या दिवशी जास्त झोपते, मादीपुढे पंख थरथरवून गाणं म्हणते, कुठल्या वासापाठोपाठ विजेचा झटका येतो हे शिकते आणि लक्षात ठेवते. झोप, स्मरण, निवड, दिशा या गोष्टी मेंदू करतो तरी कशा, हा प्रश्न ज्या मेंदूत शेवटच्या पेशीपर्यंत नेता येतो तो मेंदू सोडून दुसरीकडे जायचं कशासाठी?

एकच प्रयोग जवळून सांगतो. अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात योहानेस सीलिग आणि विवेक जयरामन यांनी माशी बारीक टाचणीला चिकटवली, तिच्या पायांखाली हवेच्या झोतावर तरंगणारा हलका चेंडू ठेवला आणि सभोवती प्रकाशाचा पडदा. माशी जागच्या जागी चालते, चेंडू फिरतो आणि तिच्या चालीप्रमाणे पडद्यावरचं दृश्य फिरतं. तिच्या मेंदूच्या मध्यभागी पेशींच्या तंतूंचं एक कडं असतं. चालू असलेल्या पेशी उजळून दिसाव्यात अशी सोय आधीच केलेली होती. सूक्ष्मदर्शकात दिसलं ते असं, की त्या कड्यात एका जागी उजेडाचा ठिपका असतो आणि माशी वळली की ठिपकाही कड्यात तेवढाच सरकतो. पडदा विझवून संपूर्ण अंधार केला तरी ठिपका विझत नाही, माशीच्या पावलांवरून अंदाज घेत सरकत राहतो. दिशेचं भान हा शब्द आपण सहज वापरतो. २०१५मध्ये ते भान डोळ्यांना दिसलं, खसखशीएवढ्या मेंदूत. मेंदूतल्या पेशी अशा कड्यासारख्या जोडलेल्या असाव्यात असं गणित सस्तन प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी त्याआधी अनेक वर्षं मांडलं होतं. खरंखुरं कडं डोळ्यांना दिसलं ते माशीत.

माशीवरून माणसाचं काय कळणार, असं विचारणाऱ्यांनी रात्री भिंतीला लावलेल्या डासांच्या लिक्विडच्या यंत्राकडे पाहावं. त्यातलं पायरेथ्रॉइड जातीचं द्रव्य डासाच्या मज्जापेशीवरच्या, सोडियमला आत सोडणाऱ्या दारावर काम करतं. हे दार घडवणारं जनुक फळमाशीत सापडलं ते माश्यांच्या एका विचित्र वाणामुळे. खोली तापली की या माश्या लुळ्या पडत, गार झाली की उठून चालू लागत. या वाणाला ‘पॅरालिटिक’ म्हणतात. अशा लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या मज्जातंतूंत नेमकं काय बंद पडतं, हे १९७६मध्ये विजेच्या नोंदी घेऊन दाखवलं सीमोर बेंझर आणि आपल्या मुंबईच्या ओबेद सिद्दिकी यांनी. आज डास त्या द्रव्याला का जुमानत नाहीत याचं एक मोठं कारण याच दारात झालेल्या बदलांत आहे. आणि माणसातलं याच कुळातलं एक जनुक बिघडलं की लहान मुलांना द्रावे सिंड्रोम नावाची अपस्माराची भयंकर व्याधी होते. माशी, डास आणि आजारी मूल एकाच दाराशी येऊन उभे राहतात. ही तुलना माझ्या कल्पनेतली नाही, रेणूंच्या पातळीवरची आहे.

अशी उदाहरणं एक-दोन नाहीत. १९७१मध्ये बेंझर आणि त्यांचा विद्यार्थी रोनाल्ड कोनोप्का यांना तीन बिघडलेल्या माश्या मिळाल्या. एकीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा, तिसरीला दिवसरात्रीचा पत्ताच नाही. तिन्ही बिघाड एकाच जनुकात निघाले. तीस वर्षांनी, संध्याकाळीच पेंगणाऱ्या आणि मध्यरात्रीनंतर टक्क जाग्या होणाऱ्या एका कुटुंबात त्याच कुळातलं जनुक बदललेलं सापडलं. २०१७चं वैद्यकाचं नोबेल माशीतलं हे घड्याळ उलगडणाऱ्या तिघांना मिळालं. तशीच तिखटाची गोष्ट. प्रखर उजेडात थोडा वेळ ठेवली की जिला दिसेनासं होतं, अशा माशीची नोंद १९६९मध्ये झाली. तिच्यातलं ‘टीआरपी’ जनुक पुढे वेगळं केलं गेलं. १९९७मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत मिरचीचा झणका जाणवून देणारं दार सापडलं, तेव्हा ते या माशीच्याच कुळातलं निघालं. वेदना कशी जाणवते याचा अभ्यास त्या दारातून पुढे गेला आणि २०२१मध्ये ज्युलियस यांना नोबेल मिळालं. ठेचा खाताना जिभेची आग कशानं होते, हे सांगणारी वाट एका अर्धवट आंधळ्या माशीच्या दारावरून गेली आहे. माणसांच्या आजारांशी जोडलेल्या ज्ञात जनुकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनुकांची भावंडं माशीत आहेत. ‘माशीवरून काय कळणार’ या प्रश्नाला याहून वेगळं उत्तर कुणाला हवं आहे?

मला सगळ्यात जास्त राग येतो तो तिसऱ्या मुद्द्याचा, कारण त्यात अज्ञानाबरोबर उर्मटपणाही आहे. कीटक म्हणजे यंत्र, त्याला शिकणं नाही, समजणं नाही, चावी दिली की चालतं. याचा पुरावा म्हणून एका गांधीलमाशीची गोष्ट गेली साठ वर्षं पुस्तकांतून फिरते. स्फेक्स ही गांधीलमाशी रातकिडा लुळा करून आपल्या बिळाच्या तोंडाशी आणते, तो बाहेर ठेवते, आत जाऊन बीळ तपासते आणि मग त्याला आत ओढते. ती आत असताना कुणी रातकिडा थोडा दूर सरकवला तर ती पुन्हा त्याला तोंडाशी आणते आणि पुन्हा आत जाऊन तपासते. फ्रान्सच्या झां-आन्री फाब्र यांनी हा प्रयोग एकीवर चाळीस वेळा केला आणि ती चाळीसही वेळा तशीच वागली. बस्स, कीटक यंत्र असल्याचं सिद्ध झालं! पण फाब्र यांनी पुढे जे लिहिलं ते ही गोष्ट सांगणारे सांगत नाहीत. दुसऱ्या वस्तीतल्या गांधीलमाश्यांवर त्यांनी तोच प्रयोग केला तेव्हा दोन-तीनदा फसल्यावर माशीनं रातकिड्याला मिशीला धरलं आणि थेट आत नेलं. म्हणजे ज्या माणसाच्या नावावर यंत्राचा सिद्धान्त खपवला जातो, त्याच माणसानं त्याच्याविरुद्धचा पुरावा नोंदवून ठेवला आहे. पुरावा अर्धा वाचायचा आणि त्यावर कीटकांच्या अख्ख्या जगाचा निकाल द्यायचा, याला विज्ञाननिष्ठा म्हणायचं का?

हा निकाल लागण्याच्या आधीच तो खोडून काढणारा माणूसही होऊन गेला. चार्ल्स हेन्री टर्नर हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय प्राणिशास्त्रज्ञ. १९०७मध्ये शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवूनही त्यांना संशोधन विद्यापीठात जागा मिळाली नाही. सेंट लुइसच्या समनर हायस्कूलमध्ये मुलांना शिकवता शिकवता त्यांनी मधमाश्यांना रंग आणि आकृत्या ओळखता येतात हे प्रयोगांनी दाखवलं, झुरळं अंधारात झटका बसला तर अंधार टाळायला शिकतात हे दाखवलं आणि एकाच जातीचे दोन किडे सारखे वागत नाहीत हेही नोंदवलं. ना प्रयोगशाळा, ना साहाय्यक. त्यांचं लेखन अनेक दशकं धूळ खात पडलं. टर्नर यांना नाकारणाऱ्या जगात माणसाच्या रंगावरून त्याच्या बुद्धीचा निकाल दिला जात होता. आकारावरून कीटकाच्या मेंदूचा निकाल देणं त्याच सवयीतून येतं, असं माझं मत आहे आणि ते मी सौम्य करणार नाही.

कीटक यंत्र आहे का, या प्रश्नावर सगळ्यात सुंदर काम ज्यांनी केलं त्यांत मण्ड्यम श्रीनिवासन हे नाव मी सर्वांत आधी घेतो. जन्म पुण्यातला, १९४८चा. शिक्षण बंगळुरूत विद्युत अभियांत्रिकीचं, पुढे येल विद्यापीठात, आणि आयुष्यभराचं काम ऑस्ट्रेलियात, आधी कॅनबेराला आणि मग क्वीन्सलँड विद्यापीठात. विजेचा अभियंता मधमाशीपाशी आला आणि त्यानं विचारलं, हिचे दोन डोळे इतके जवळ आणि जागचे न हलणारे, मग हिला अंतर कळतं कसं? उत्तरासाठी त्यांनी अरुंद बोगदा बांधला, दोन्ही भिंतींवर उभे पट्टे रंगवले आणि टोकाला साखरेचं पाणी ठेवलं. मधमाशी नेमकी मधून उडाली. मग एक भिंत माशी ज्या दिशेनं उडते आहे त्याच दिशेला सरकवली. माशी त्या भिंतीच्या जवळ गेली. भिंत उलट दिशेला सरकवली की माशी तिच्यापासून लांब गेली. म्हणजे दोन्ही डोळ्यांपुढून दृश्य किती वेगानं सरकतं याची ती बरोबरी करत होती. एसटीच्या खिडकीतून जवळची झाडं झपाझप मागे जातात आणि लांबचा डोंगर सावकाश जातो, हे आपण पाहतो आणि सोडून देतो. मधमाशी त्यावरून उडते.

पुढचा प्रयोग तर थक्क करणारा आहे. पोळ्यावर परतलेली माशी नाच करून खाणं किती दूर आहे ते सोबतिणींना सांगते. हा नाच उलगडून दाखवल्याबद्दल कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३चं नोबेल मिळालं होतं. श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माश्यांना सहा मीटरच्या, भिंतींवर दाट नक्षी असलेल्या अरुंद बोगद्यातून उडवलं. भिंती अगदी जवळ, त्यामुळे दृश्य भराभर सरकलं. परतल्यावर माश्यांनी नाचून सांगितलेलं अंतर प्रत्यक्षापेक्षा कित्येक पटींनी जास्त होतं. नक्षीऐवजी लांबीच्या दिशेचे आडवे पट्टे लावले तेव्हा सरकणारं दृश्य उरलंच नाही आणि माश्यांनी जवळच्या खाण्याचा नाच केला. माशीला प्रत्यक्ष अंतर ठाऊक नसतं, डोळ्यांपुढून सरकलेलं दृश्य ती मोजते, हे असं सिद्ध झालं. जमिनीवर उतरताना खालचं दृश्य एकाच गतीनं सरकत राहील एवढंच ती सांभाळते. मग जसजशी ती खाली येते तसतसा तिचा वेग आपोआप कमी होतो आणि टेकताना जवळजवळ शून्य होतो. ना रडार, ना हिशेब. हाच नियम श्रीनिवासन यांनी लहान विमानांना नुसत्या कॅमेऱ्याच्या आधारे उडवायला वापरला. २००६मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांच्या नावाचा विज्ञान पुरस्कार त्यांना मिळाला. पुण्यात जन्मलेल्या या माणसाची किती मराठी शाळांना माहिती आहे?

हे सगळं ऐकूनही कुणी म्हणेल, हे उत्तम यंत्रच झालं. मग २००१चा प्रयोग पाहा. मार्टिन ज्युर्फा, श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी मधमाश्यांना शिकवलं की दारावर जो रंग दिसला तोच रंग आत ज्या फाट्यावर असेल तिकडे जायचं. माश्या शिकल्या. मग रंग काढून काळेपांढरे पट्टे ठेवले, जे त्यांनी त्या खेळात कधी पाहिले नव्हते. माश्यांनी ‘तेच’ निवडलं. ‘वेगळं’ निवडायला शिकवलेल्या माश्यांनी नव्या ठिकाणी ‘वेगळं’ निवडलं. वासावर शिकवलेली गोष्ट त्यांनी रंगावर लावली. ‘सारखं’ आणि ‘वेगळं’ या कल्पना आहेत, त्यांना रंग नाही आणि वास नाही. लंडनमधल्या लार्स चिटका यांच्या प्रयोगशाळेत २०१७मध्ये भुंग्यांना छोटा चेंडू मध्यावर ढकलत नेला की साखर मिळते हे शिकवलं. काहींनी फक्त दुसऱ्या भुंग्याला सगळ्यात लांबचा चेंडू आणताना पाहिलं होतं. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी जवळचा चेंडू ढकलला. पाहिलेली कृती तशीच गिरवली नाही, हेतू ओळखून सोपी वाट काढली. कीटकाला जाणीव असते का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि ते असावेत. पण ‘यंत्र आहे, विषय संपला’ असं म्हणण्याचा हक्क आता कुणालाही उरलेला नाही.

राहिला गरीब देशाचा मुद्दा. हा मुद्दा मांडणाऱ्यांना आपल्याच देशाचा इतिहास ठाऊक नसतो. होमी भाभांनी १९६२मध्ये ओबेद सिद्दिकींना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं, तेव्हा देश आजच्याहून किती गरीब होता? परदेशातून धान्य आयात करून आपण जगत होतो. तरीही कुलाब्याच्या किनाऱ्यावर जीवशास्त्राचा एक विभाग उभा राहिला आणि पुढे तिथे माशीच्या वासाचं आणि चवीचं काम सुरू झालं. त्याला लागतं काय? काचेच्या बाटल्या, कापसाचे बोळे, मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार घालून शिजवलेली लापशी. अंड्यापासून नवी माशी दहाएक दिवसांत तयार. ज्या देशाकडे पैसा कमी आणि बुद्धी भरपूर, त्यानं करावं असं हे विज्ञान आहे. महागड्या यंत्रांच्या विज्ञानात आपण श्रीमंतांच्या मागेच राहतो, इथे बरोबरीनं उभं राहता येतं.

आणि आपण उभे राहिलो, याचं नाव आहे वेरोनिका रॉड्रिग्ज. गोव्याच्या कुटुंबातली, जन्म १९५३चा नैरोबीतला. शिक्षण डब्लिनमध्ये. सिद्दिकींचं काम वाचून तिनं मुंबई गाठली. जग जिथून बाहेर पडायला धडपडतं तिथे ती शिकायला आली. तिनं आणि सिद्दिकींनी १९७८मध्ये जे लिहिलं त्यात इंग्रजी वाय अक्षरासारखी नळी आहे. एका फाट्यात वास, दुसऱ्यात साधी हवा आणि खालून चढणाऱ्या माश्या. कुठल्या माश्या फसतात ते पाहायचं, त्यांची पैदास करायची आणि कुठलं जनुक बिघडलं ते शोधायचं. अशा साध्या नळीतून वास आणि चव यांच्या जनुकांचा शोध सुरू झाला. पुढे १९८८मध्ये तिनं दाखवलं की वेगवेगळे वास माशीच्या मेंदूतल्या वेगवेगळ्या जागा जागवतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी उंदरांतली वासग्राहकांची जनुकं जगापुढे मांडली, ती १९९१मध्ये, म्हणजे त्यानंतर. बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र सिद्दिकींनी उभारलं आणि तिथेही ती काम करत राहिली. २०१०मध्ये ती गेली, तोवर तिच्या हाताखाली शास्त्रज्ञांची एक पिढी तयार झाली होती. हे काम चैन होतं, असं म्हणणाऱ्यानं त्या काळात याच पैशातून देशात दुसरं काय उभं राहिलं ते दाखवावं.

शेतकऱ्याचं नाव घेऊन हा मुद्दा मांडला जातो, म्हणून एक गोष्ट शेतकऱ्याच्याच बाजूनं. कपाशीवरच्या माव्या-तुडतुड्यांवर सर्रास वापरली जाणारी इमिडाक्लोप्रिड जातीची औषधं कीटकाच्या मेंदूतल्या ॲसिटाइलकोलीनच्या ग्राहकांवर काम करतात. २०१२मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी मधमाश्यांच्या पाठीवर बारीक ओळखपट्ट्या चिकटवून दाखवलं की याच कुळातल्या औषधाची, जीव न घेणारी मात्रा मिळालेल्या अनेक माश्या पोळ्याकडे परततच नाहीत. मेलेल्या माश्या सापडत नाहीत म्हणून औषध निर्दोष वाटतं. २०१८मध्ये युरोपीय संघानं अशा तीन औषधांच्या उघड्यावरच्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडे डाळिंबाला, कांद्याच्या बियाण्याला, सूर्यफुलाला मधमाशी लागते, काही शेतकरी पैसे मोजून मधपेट्या शेतात ठेवतात. मधमाशी घरची वाट कशी लक्षात ठेवते हे आधी कुणाला माहीत नसतं, तर ती वाट चुकते आहे हे तरी कळलं असतं का?

या वादात आपल्या बाजूच्या लोकांनाही मला एक सांगायचं आहे. टीका झाली की आपण लगेच बचावाला उतरतो: यातून कर्करोग समजेल, अल्झायमर बरा होईल, ड्रोन उडतील. हे सगळं खरं असलं तरी दर वेळी उपयोगाच्या आडोशाला उभं राहिलं की प्रश्न विचारणाऱ्याचा नियम आपण मान्य केलेला असतो. श्रीनिवासन बोगद्यात उभे होते ते विमानासाठी नव्हे, मधमाशीला दिसतं कसं ते जाणून घेण्यासाठी. रॉड्रिग्ज नळीत माश्या सोडत होती ती माशीला वास येतो कसा ते कळावं म्हणून. ते कळणं हेच पुरेसं कारण आहे. आपण कोण आहोत आणि आपल्या डोक्यात काय चालतं हे जाणून घेण्याची ओढ ज्या समाजाला चैन वाटते, त्या समाजाला पुढे सापळाही मिळत नाही आणि औषधही मिळत नाही, ती दोन्ही दुसऱ्याकडून विकत घ्यावी लागतात.

म्हणून ज्यांच्या हातात सही आहे त्यांना माझं सांगणं आहे: प्रस्तावावर ‘माशी’ शब्द दिसला म्हणून तो हसून बाजूला ठेवू नका. आतला प्रश्न वाचा. तो पोकळ असेल तर नाकारा, पण किडा लहान आहे म्हणून नाकारू नका. विद्यापीठांनी प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमात सिद्दिकी, रॉड्रिग्ज आणि श्रीनिवासन यांची नावं घालावीत आणि फळमाशीच्या बाटल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आणाव्यात, त्याला फारसा खर्च नाही. आणि ज्यांच्या घरातली मुलगी उद्या माशीच्या मेंदूवर काम करायचं म्हणेल, त्यांनी लोक हसले तर मान खाली घालू नये. तिला अर्ज भरायला मदत करा.